रोझिना बदाम मागते

प्रिय व्रोनी,

तुझं पत्र मिळालं. 'बाबा, या वेळी लांबण लावू नका, हो की नाही एवढंच लिहा,' असं लिहून त्याखाली तू दोनदा रेघ ओढली आहेस. शाळेत मास्तर तुझ्या वहीत अशीच रेघ ओढायचे तेव्हा रडायचीस. आता माझ्यावर ओढतेस. ओढ बापडी. हो की नाही ते सांगणारच आहे, पण लांबण लावूनच सांगणार. आयुष्यभर लोकांच्या घरांत ऊबेसाठी धुराड्याच्या शेगड्या बांधल्या, धूर कुठून जाणार ते ठरल्याशिवाय काडी ओढायची नाही ही सवय आता म्हातारपणी जाणार आहे का? ब्रेमेनच्या त्या वृद्धाश्रमात आईसाठी खोली रिकामी झाली आहे, कालव्याकडची, उजेडाची, आणि महिनाअखेरपर्यंत कळवलं नाही तर ती दुसऱ्या कोणाला तरी जाईल, हे सगळं मी नीट वाचलं. गेली दोन वर्षं मी नाही म्हणत आलोय. एकदा तर फोनच आपटला होता. मी जिवंत आहे तोवर रोझिनाला परक्यांच्या हवाली करणार नाही, असं बरंच काही बोललो होतो, तेही आठवतंय. तर आता हे पत्र सलग वाच. मधली पानं गाळून आधी शेवट बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आज जरा आवर.

सोबत एक पार्सल पाठवलंय. त्यात आफ्राच्या खाणावळीतली सॉसेजं आहेत, ती जावयाला, येन्सला दे. आणि पत्त्यांचा एक जोड आहे, तो तुला. नवा नाही. कडा मऊ पडल्यात आणि एकदोन पत्त्यांवर बिअरचे डागही आहेत. मी नवा आणला होता, पण ते गुळगुळीत पत्ते आईच्या बोटांतून निसटतात आणि मग ती स्वतःच्या बोटांवर चिडते. तुला आता शाफकोफ शिकायचाय, व्रोनी. कपाळावर हात मारून घेऊ नकोस. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं खाणावळीकडे निघालो की तू कानांत बोटं घालायचीस. चार माणसं टेबल बडवतात आणि त्याला खेळ म्हणतात, असं म्हणायचीस. तुला शिकवायचा मी दोनतीनदा प्रयत्न केला, मग गाढवाला गुळाची चव काय, म्हणून नाद सोडला. तिकडे ब्रेमेनला कोणालाच हा खेळ येत नाही, तिथे तिघातिघांचा दुसराच काहीतरी चालतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लिहायला बसलोय.

तर ऐक. पत्ते बत्तीस, माणसं चार, प्रत्येकाला आठ पानं. आधी चार वाटायची, मग पुन्हा चार. रंगही चार: ओकफळ, पाला, बदाम आणि घुंगरू, चित्रं बघितलीस की कळेल. राणी शोधत बसू नकोस, आपल्या पत्त्यांत राणी नसतेच. राजा असतो, त्याच्याखाली दोन शिपाईगडी. ज्याच्या चित्रात रंगाची खूण वर काढलेली, तो ओबर. ज्याची खूण खाली, तो उंटर. दिसायला राजाचे नोकर, पण खेळात हेच सगळ्यांचे बाप. चारही ओबर हुकूम, चारही उंटर हुकूम, आणि उरलेले सगळे बदाम हेही हुकूम. ओकफळाचा ओबर सगळ्यांत मोठा, मग पाल्याचा, बदामाचा, घुंगराचा. त्यांच्याखाली उंटर, त्याच क्रमाने. त्यांच्याखाली बदाम. जो रंग उतरला तो हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकमाने मारायचं किंवा एखादं नको असलेलं पान सोडायचं. एक्क्याचे अकरा गुण, दश्शीचे दहा, राजाचे चार, ओबरचे तीन, उंटरचे दोन, बाकीची पानं फुकटी. सगळे मिळून एकशेवीस. जो डाव घेतो त्याला एकसष्ट करावे लागतात, साठावर अडकला तर मेला. एक्क्याला आम्ही डुकरीण म्हणतो. का म्हणतो ते विचारू नकोस, माझ्या आजोबांनीही कधी कोणाला विचारलं नव्हतं.

राणीवरून आठवलं. आई पहिल्यांदा आमच्या टेबलावर बसली तेव्हा पांक्राझने तोंड वाकडं केलं होतं. तेव्हा त्याचं मटणाचं दुकान जोरात होतं आणि गावात त्याच्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती. तो म्हणाला, पत्त्यांतसुद्धा बाई नाही, मग टेबलावर कशाला? संध्याकाळभर आईने त्याला असा धुतला की त्याला बिअरचा घोट उतरेना. आणि उठताना म्हणाली, "पत्त्यांत बाई नाही, कारण पत्ते धरायला कोणीतरी लागतं." पांक्राझ ते वाक्य अजून सांगतो, आणि सांगताना ते आपणच बोललो असं वाटून हसतो. हल्ली त्याचा गुडघा फार दुखतो. आफ्राने आता सोमवारी-मंगळवारी खाणावळ बंद ठेवायला सुरुवात केलीय, गिऱ्हाईक नाही म्हणते. एमेराम, आमच्या टेबलावरचा चौथा गडी, पोस्टातून निवृत्त झाला तरी सकाळी गावातून फेरी मारतो, हातात काही नसतं. तुला सांगायच्या गोष्टी तशा एवढ्याच.

आता खरा खेळ ऐक. वरचं सगळं कोणालाही पाठ करता येतं, पण शाफकोफ म्हणजे भिडू. ज्याची पानं बरी आहेत तो म्हणतो, मी खेळतो. मग तो एका डुकरिणीला हाक मारतो. समजा म्हणाला, 'पाल्याची.' तर पाल्याचा एक्का ज्याच्या हातात असेल तो त्याचा भिडू. पण त्या भिडूने काही म्हणजे काही दाखवायचं नाही. हसायचं नाही, खोकायचं नाही, ताकास तूर लागू द्यायची नाही. उरलेल्या तिघांतला आपला कोण आणि परका कोण, हे हाक मारणाऱ्याला खेळता खेळता ओळखावं लागतं. तो रंग कोणी उतरला की एक्का लपवता येत नाही, टाकावाच लागतो, मग सगळं उघड होतं. तोवर एकेका पानावरून अंदाज बांधायचा. हाक मात्र तीनच रंगांची मारता येते, ओकफळ, पाला आणि घुंगरू. बदामाची डुकरीण मागता येत नाही, कारण बदाम हा हुकूम आहे. हे पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्या इथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागेल.

आई मला अशीच भेटली. तिच्या वडिलांच्या घरातली शेगडी धुरकटायची, ती बघायला मी गेलो होतो. ऑक्टोबरची जत्रा होती, काम उरकलं आणि त्यांना चौथा गडी हवा होता, म्हणून बसलो. मी पाल्याची डुकरीण मागितली. समोर ही पोरगी, केसांत काजळीचा एक डाग, बहुतेक माझाच हात लागलेला. तिने माझा एक चांगला हात मारला, मग दुसरा मारला. मी मनात म्हटलं, ही कसली वैरीण. कोणी पाला उतरेना, आणि मी तर तिच्याकडे बघून दातओठ खातोय. शेवटून दुसऱ्या हाताला तिने पाल्याचा एक्का टेबलावर ठेवला, हळूच, न आपटता. मी म्हटलं, अगं, तू माझी भिडू होतीस? तर म्हणते, "मग काय ओरडून सांगायला हवं होतं?" गुण मोजले तर आम्ही जिंकलो होतो. पुढच्या वसंतात आम्ही लग्न केलं. नंतर कितीदा तरी विचारलं की माझे हात का मारलेस, तर म्हणायची, पत्त्यांवर चिडणारा माणूस बायकोवर किती चिडतो ते बघायचं होतं. पुढे तिच्याइतकं कोणी खेळलं नाही गं या भागात. कुठलं पान पडलं, कोणाकडे काय उरलं, हे ती स्वयंपाकघरात बटाटे सोलतानाही सांगू शकायची. पुढच्या शुक्रवारी मागच्या शुक्रवारचा डाव जसाच्या तसा सांगायची आणि पांक्राझचे कान धरायची.

चार वर्षांमागे नोव्हेंबरमध्ये, गावात धुकं धरलं होतं तेव्हाची गोष्ट. डॉक्टर वगैरे सगळं नंतरचं. मी हे तुला कधी सांगितलं नाही. नेहमीसारखे आम्ही चौघं बसलो होतो, खाणावळीत, मी बांधलेल्या शेगडीच्या कोपऱ्यात. आईने पानं लावली, जरा वेळ बघितली आणि म्हणाली, "मी खेळते. बदामाची." पांक्राझ हसला. त्याला वाटलं, थट्टा करतेय, कारण नवख्या पोरांनी बदाम मागितला की त्यांची सगळ्यांत जास्त खेचायची ती हीच. ती हसली नाही. ती आमच्याकडे बघत थांबली, कोणीतरी पुढे काहीतरी करावं म्हणून. व्रोनी, बदामाचा एक्का माझ्याच हातात होता. पांक्राझने तोंड उघडलं होतं, आणि त्या माणसाचं तोंड तुला ठाऊक आहे. चुकीची नव्वी टाकली म्हणून त्याने एमेरामशी एकदा महिनाभर अबोला धरला होता. मी म्हटलं, चल, उतर. तिने ओकफळाचा ओबर आपटला, पूर्वीसारखाच, ग्लास हलला. मी त्याच्याखाली बदामाचा एक्का ठेवला. म्हणजे मी तिचा भिडू, असं सांगितलं. ती खूश झाली. पांक्राझ माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग स्वतःच्या पत्त्यांत. त्याने आपलं पान टाकलं आणि टेबलाकडे बघूनच म्हणाला, "असो. आजपासून बदामही मागता येतो."

तेव्हापासून आमच्या टेबलावर तो नियम आहे. पुढे ती दुसरं काही मागेनाशीच झाली. पाला, घुंगरू, ओकफळ सगळं गेलं, बदाम तेवढा राहिला. ज्याच्याकडे बदामाचा एक्का असेल तो तिच्या बाजूने खेळतो. एकदा तर गंमतच झाली. तिने बदाम मागितला, हुकूम उतरला आणि कोणीच एक्का टाकेना. आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघतोय. पुढच्या हाताला तिनेच बदामाचा एक्का उतरला. म्हणजे तो तिच्याच हातात होता आणि तिला भिडूच नव्हता. मग एमेरामने, जो दिवसाला चार शब्द बोलतो, बदामाची दश्शी तिच्या एक्क्याखाली ठेवली. तो तिचा हात मारू शकत होता, त्याने गुण तिच्या पदरात घातले. पांक्राझकडे पाल्याचा ओबर होता, मला नंतर दिसला. त्याने तो मागे ठेवून बदामाचा राजा सोडला. माझ्याकडे हुकूमच उरला नव्हता, मी घुंगराची दश्शी दिली. आई हसत सुटली, म्हणाली, तिघंच्या तिघं माझे भिडू, असं कधी कोणी ऐकलंय का? तिचं ते हसणं तू ऐकायला हवं होतंस. जे तिघं गुणागुणासाठी आयुष्यभर भांडले ते तिघं म्हातारे तिच्यासोबत हसत होते आणि पांक्राझ रुमालाने नाक पुसत होता.

म्हणून गेल्या वर्षी ईस्टरला तुम्ही आलात तेव्हा जे झालं ते मला लागलं. येन्सवर माझा राग नाही, चांगला पोरगा आहे, पानं धरायला बसला हेच पुष्कळ. पण आईने बदाम मागितला आणि तो फोन उघडून वाचायला लागला की नियमात तर असं बसत नाही. बरोबरच होतं त्याचं. उंटावरून शेळ्या हाकत नव्हता तो, मदत करायला गेला बिचारा. तूही म्हणालीस, आई, आठव, बदाम हुकूम असतो. आईने पानं उलटी ठेवली. चूक केली की शिक्षा होणार अशा चेहऱ्याने ती तुमच्याकडे बघत होती, ते तुम्हाला दिसलं नाही, मला दिसलं. दुपारचं जेवली नाही. येन्सने नंतर तिच्यासोबत भांडी पुसली तेव्हा कुठे बोलली. डॉक्टरांनी तुला सांगितलंय म्हणे की तिला योग्य ते सांगत राहा. सांगोत बिचारे. या बाबतीत तू माझं ऐक.

आता जे लिहितोय ते कागदावर वेगळं उतरवून त्या वृद्धाश्रमातल्या लोकांना दे. चौथा माणूस तुम्हाला लागेलच. तू, येन्स, आई आणि तिथली एखादी परिचारिका. तिला शेगडीकडे, म्हणजे तुमच्याकडे जे काय गरम असेल त्याच्याकडे, पाठ करून बसवा, पाठीला ऊब लागली की ती शांत असते. पानं तिला लावून देऊ नका, ती स्वतः लावते, कशीही लावली तरी लावू द्या. तिच्या हातातलं पान कोणी ओढू नका. भलतंच पान टाकलं तर ते बरोबरच आहे असं समजा. गुण मोठ्याने मोजू नका, एमेराम मनात मोजतो आणि नुसती मान डोलावतो, तसं करा. ती बिअर मागेल, लहान ग्लासात द्या, तिला मोठाच वाटतो. पान आपटायचं हं, व्रोनी, तुला कितीही राग येत असला तरी. आवाज नसला तर तिला वाटतं, खेळ सुरूच झाला नाही. आणि ती बदाम मागेल. दर वेळी मागेल. ज्याच्या हातात बदामाचा एक्का असेल त्याने निमूट तिच्याबरोबर खेळायचं. आणि तो तिच्याच हातात निघाला, तर तुम्ही तिघांनी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो. मी दमलो म्हणून हो म्हणतोय असं समजू नकोस. तिला आंघोळ घालणं, भरवणं, शंभरदा तेच तेच सांगणं, याला मी दमलो नव्हतो आणि दमलोही नसतो. फेब्रुवारीत एका सकाळी मी कॉफी करत होतो आणि मागे वळून बघतो तर ती दारात, हातातली पळी माझ्यावर उगारून. मी म्हटलं, रोझिना, मी आहे. ती घरातल्या चपला घालून बर्फातून धावत आफ्राकडे गेली. तेव्हापासून हे असंच चाललंय. घरात मी दिसलो की ती भिते गं मला. खोलीला आतून कडी लावते, म्हणून मी माझ्या शेगड्यांच्या कारखान्यातल्या बाकावर झोपतो. आफ्रा तिला जेवायला घालते, एमेरामची बायको आंघोळ घालते. पण खाणावळीत त्या टेबलावर मी तिच्या डावीकडे बसलो की ती भीत नाही. तिथे मी तिच्या ओळखीचा असतो, पत्ते खेळणारा कोणीतरी. गेल्या शुक्रवारी डाव संपला आणि ती माझ्याकडे वाकली. आयुष्यभर तू म्हणणारी बाई, मला तुम्ही म्हणाली. "तुम्ही भले दिसता, तुमच्या खेळावरून कळतं. माझं एक काम कराल? आमच्या घरात कोणीतरी म्हातारा शिरलाय. वाईट नाही, कॉफीसुद्धा करतो, पण जातच नाही. मला फार भीती वाटते. माझ्या नवऱ्याला निरोप द्याल? इग्नाझ त्याचं नाव, शेगड्या बांधतो. त्याला म्हणावं, मला इथून घेऊन जा." एमेराम उठून मागच्या अंगणात गेला. पांक्राझ पत्ते पिसत बसला, कितीतरी वेळ पिसतच राहिला. मी म्हटलं, देतो निरोप. तर पोरी, निरोप पोचलाय. तू ये तिला न्यायला. घरी नको, खाणावळीत ये, मी टेबलावरच असेन, एक डाव खेळू आणि मग तू तिला उठव. तिच्यासमोर मला बाबा म्हणू नकोस. इग्नाझने पाठवलंय असं सांग, म्हणजे ती तुझ्याबरोबर निघेल. ती विचारेल, तो स्वतः का नाही आला. म्हणावं, मागून येतोय.

तुझाच,
बाबा